तालाचा खेळ हातातल्या कन्सोलवर आणताना: आधी वेळ, मग पडदा

गाणे वाजत असताना पडद्यावर खुणा एका ठरलेल्या रेषेकडे सरकत येतात आणि खेळणाऱ्याने त्या ठेक्यात टिपायच्या असतात. असा तालाचा खेळ संगणकावर तयार करून पुढे तो छोट्या हातातल्या कन्सोलवर नेण्याचे काम बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील विद्यार्थी हौसेने हाती घेतात. गल्लीतल्या मंडळाचे ढोल-ताशे, गावच्या भजनातला पखवाज आणि टाळ, हलगी-घुमकं असा अस्सल माल त्यांच्या हाताशी असतो. तरीही बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. लॅपटॉपवर नेटका चालणारा खेळ कन्सोलवर सुरू केला की थाप उशिरा पडल्यासारखी वाटते, ठेक्यात दाबूनही ‘चुकले’ असे दिसते आणि गाणे पुढे सरकेल तशा खुणा तालापासून आणखी दूर जातात.

यंत्राचा दोष क्वचितच असतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. पडदा लहान करणे, चित्रे बसवणे, बटणे जोडणे ही डोळ्यांना दिसणारी कामे आधी उरकली जातात आणि आवाजाच्या विलंबाचा विचार शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. तोपर्यंत खुणांची मांडणी, त्यांचा वेग आणि गुणांचे नियम हे सगळे चुकीच्या वेळेवर बेतलेले असते, आणि ते मुळापासून पुन्हा करावे लागते. म्हणून पहिल्या चार पायऱ्या पूर्ण होईपर्यंत चित्रांना हात लावू नये, असा माझा आग्रह आहे.

पुढील विवेचनात उदाहरणासाठी गोडो ४ हे खेळ बनवण्याचे इंजिन आणि लिनक्सवर चालणारे, ६४० बाय ४८० पडद्याचे, साडेतीन इंची कन्सोल धरले आहे. इतर यंत्रांवर आकडे बदलतील, पण क्रम बदलणार नाही.

## तयारी

यंत्र आधी ठरवावे आणि ते प्रत्यक्ष हातात असावे. निन्टेन्डो किंवा सोनीच्या कन्सोलसाठी खेळ बनवायचा असेल, तर त्या कंपन्यांकडे विकसक म्हणून नोंदणी करावी लागते, गोपनीयतेचा करार करावा लागतो आणि त्यानंतरच त्यांची साधने मिळतात. गोडोच्या खुल्या आवृत्तीत त्या कन्सोलसाठी निर्यातीची, म्हणजे त्यावर चालणारी फाइल काढण्याची, सोयही नाही. विद्यार्थ्याने पहिला प्रयत्न खुल्या यंत्रावर करावा. २०२२ साली आलेले स्टीम डेक (१२८० बाय ८०० पडदा) किंवा लिनक्सवर चालणारी लहान, स्वस्त कन्सोल यासाठी पुरेशी आहेत. लहान कन्सोलमध्ये एआरएम प्रकारचा प्रोसेसर असतो, त्यामुळे लॅपटॉपसाठी काढलेली फाइल त्यावर चालत नाही. निर्यात करतानाच योग्य प्रकार निवडावा लागतो.

गाण्याच्या हक्कांचा प्रश्नही आताच सोडवावा. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत. पण एखाद्या कंपनीने काढलेले त्याचे ध्वनिमुद्रण सर्वांचे नसते, आणि अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चालही नसते. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. गावच्या भजनी मंडळाकडून किंवा गल्लीतल्या ढोल पथकाकडून स्वतः मुद्रण करून घ्यावे आणि वादकांची लेखी परवानगी घ्यावी. मांडणीवर महिनाभर मेहनत घेतल्यावर गाणेच काढून टाकावे लागणे याइतके वाईट काही नाही.

याखेरीज जवळ हवे ते एवढेच:

- वायरचा इअरफोन;
- सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा, म्हणजे स्लो-मोशनची सोय असलेला फोन;
- संगणकावर ऑडॅसिटी, म्हणजे आवाज मुद्रित करण्याचा आणि कापण्याजोडण्याचा प्रोग्राम;
- मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राच्या) नुसत्या टकटकीची एक मिनिटाची फाइल;
- लॅपटॉपवरच्या चालू खेळाची एक प्रत, जिच्यात पुढे काहीही बदलायचे नाही.

## १. गाणे आणि त्यातली लय पक्की करणे

मुद्रण करताना लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवावा, नाहीतर घरगुती विजेची ५० हर्ट्‌झची घरघर मुद्रणात उतरते. खानापूरच्या पावसाळ्यात कौलांवर पडणाऱ्या सरीही ताशाच्या काड्यांइतक्याच ठळक मुद्रित होतात, तेव्हा दिवस बघूनच बैठक ठरवावी.

गाण्याची अंतिम फाइल एमपीथ्रीमध्ये ठेवू नये. लेम या प्रचलित एन्कोडरने (आवाज एमपीथ्रीत बदलणाऱ्या प्रोग्रामने) बनवलेल्या एमपीथ्रीच्या सुरुवातीला, एन्कोड आणि डीकोड मिळून, सुमारे ११०० सॅम्पलची (आवाजाच्या सूक्ष्म तुकड्यांची) शांतता शिरते. ४४,१०० हर्ट्‌झला ती सुमारे २५ मिलिसेकंद होते. काही डीकोडर (फाइल वाजवणारे प्रोग्राम) ही शांतता कापून टाकतात, काही तशीच वाजवतात. म्हणजे तीच फाइल लॅपटॉपवर वेळेत आणि कन्सोलवर २५ मिलिसेकंद उशिरा सुरू होऊ शकते. गाण्यासाठी ऑग व्हॉर्बिस हे फाइलचे स्वरूप वापरावे, आणि थापेच्या छोट्या आवाजांसाठी आकार लहान न केलेली वेव्ह फाइल ठेवावी.

यानंतर लय. संगणकावर रचलेल्या गाण्याला मिनिटाला अमुक मात्रा असा एकच आकडा चालतो, पण तो नेमका हवा. खरी लय १२०.१ असताना खेळात १२० लिहिले, तर तीन मिनिटांच्या शेवटी खुणा सुमारे १५० मिलिसेकंद सरकलेल्या असतात, आणि तेवढ्या फरकाने अचूक दाबही चुकीचा ठरतो. जिवंत वादनाला तर असा एक आकडा नसतोच. ढोल पथक रंगात आले की लय चढते, आणि ती चढावी यातच त्या वादनाचा जीव आहे. ती मशीनने सपाट करू नये. ऑडॅसिटीत लेबल पट्टी उघडून प्रत्येक आवर्तनाच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) खूण करावी, त्या खुणा मजकूर फाइल म्हणून बाहेर काढाव्यात, आणि दोन समांमधल्या मात्रा खेळाने समान वाटून घ्याव्यात. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात दर समेला वेळ पुन्हा जुळत असल्यामुळे चूक साचत नाही.

तपासणी: खुणा केलेल्या वेळांवर टकटक वाजवून ती मूळ गाण्यावर चढवावी आणि फक्त शेवटचे मिनिट ऐकावे. सुरुवात सर्वांचीच जुळते. चूक शेवटी उघड होते.

## २. घड्याळ एकच ठेवणे

खेळात दोन घड्याळे असतात. एक चित्रांचे: दर फ्रेमला किती वेळ गेला ते मोजून बेरीज करणारे. दुसरे आवाजाचे: ध्वनीच्या चिपने आतापर्यंत किती सॅम्पल वाजवले ते सांगणारे. लॅपटॉप वेगवान असल्यामुळे ही दोन घड्याळे तेथे जवळजवळ बरोबर चालतात. लहान कन्सोलवर एखादी फ्रेम गळते, गाणे सुरू व्हायला क्षणभर उशीर होतो, आणि चित्रांचे घड्याळ आवाजापासून सुटते. म्हणून खुणेची जागा आणि दाबाची वेळ या दोन्ही गोष्टी आवाजाच्या घड्याळावरूनच काढाव्यात.

येथे एक बारीक अडचण आहे. आवाजाचे घड्याळ सलग पुढे जात नाही. ध्वनी गठ्ठ्यागठ्ठ्याने तयार होतो. ४८,००० हर्ट्‌झला १,०२४ सॅम्पलचा गठ्ठा २१ मिलिसेकंदांपेक्षा थोडा मोठा असतो. प्रत्येक गठ्ठ्यानंतरच घड्याळाचा आकडा बदलत असल्याने खुणा सरकण्याऐवजी उड्या मारतात. गोडोमध्ये शेवटचा गठ्ठा तयार झाल्यापासून किती वेळ गेला हे विचारता येते. तो वेळ मिळवला की हालचाल सलग होते. मिळालेला आकडा कधीकधी आधीच्या फ्रेमपेक्षा किंचित मागे येतो. तसे झाल्यास तो टाकून द्यावा आणि वेळ मागे जाऊ देऊ नये.

इशारा: आवाज बाहेर पडायला लागणारा अंदाजे विलंब गोडो आपल्याला सांगतो आणि अनेक जण तो येथेच वजा करतात. पुढच्या पायरीत आपण तोच विलंब प्रत्यक्ष मोजणार आहोत. दोन्हीकडे वजा केला तर दुरुस्ती दुप्पट होते. येथे वजा करू नये.

बटणाच्या बाबतीतही तेच. दर फ्रेमला ‘बटण दाबलेले आहे का’ असे विचारत बसल्यास ६० फ्रेमच्या खेळात दाबाची वेळ १६.७ मिलिसेकंदांपर्यंत चुकते. दाबाची घटना घडताच तिची वेळ टिपून ठेवावी आणि निवाडा त्या वेळेवर करावा.

## ३. विलंब प्रत्यक्ष मोजणे

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून टाळली जाते, आणि जवळजवळ सगळ्या तक्रारी येथूनच निघतात. अंदाज, इंटरनेटवरचे आकडे किंवा मित्राच्या यंत्रावरचे माप यांपैकी काहीही येथे चालत नाही.

आधी एक चाचणीचा पडदा बनवावा. त्यात गाणे नको, खुणा नकोत. बटण दाबले की एक कोरडा, तीक्ष्ण ‘टक’ वाजावा आणि त्याच क्षणी संपूर्ण पडदा काळ्याचा पांढरा व्हावा. एवढेच.

आवाजाचे माप. शांत खोलीत कन्सोल टेबलावर ठेवावे, पंखा बंद करावा, फोन मुद्रणावर लावून स्पीकरजवळ ठेवावा. बटण नखाने जोरात दाबावे, म्हणजे बटणाचाच खटका ऐकू येईल. असे वीसेक वेळा, दोन दाबांत सेकंदभर अंतर ठेवून करावे. ते मुद्रण ऑडॅसिटीत उघडून एका दाबावर मोठे केले की लाटेवर दोन सुळके दिसतात. पहिला बारीक, थोडा ओबडधोबड, तो बटणाचा खटका. त्यानंतर सपाट रेघ. आणि मग दुसरा, उंच आणि स्वच्छ, तो खेळातला ‘टक’. दोन्ही सुळक्यांच्या सुरुवातींमधले अंतर निवडले की खाली मिलिसेकंद दिसतात. फोनचा स्वतःचा विलंब येथे आड येत नाही, कारण दोन्ही आवाज एकाच मुद्रणात आहेत. वीस मापे चढत्या क्रमाने लिहून मधले घ्यावे. सरासरी घेऊ नये. एखादे विचित्र माप सरासरीला ओढून नेते.

चित्राचे माप. त्याच पडद्यावर दाबाचे स्लो-मोशन चित्रीकरण करावे. बटण तळाला टेकल्याची फ्रेम आणि पडदा पांढरा होऊ लागल्याची फ्रेम यांमधल्या फ्रेम मोजाव्यात. २४० फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची असते.

आता हातात दोन आकडे आले. समजा, दाबापासून आवाजापर्यंत ८५ आणि दाबापासून उजेडापर्यंत ६० मिलिसेकंद लागतात. बटण यंत्राला कळायला जो वेळ गेला तो दोन्हीत सारखाच आहे, त्यामुळे वजाबाकी केल्यावर निव्वळ फरक उरतो: या यंत्रावर आवाज चित्रापेक्षा २५ मिलिसेकंद मागे आहे.

आकडे मोठे आले, तर सुधारणा आताच करावी. आवाजाचा गठ्ठा १,०२४ वरून ५१२ वर आणल्यास तो १०.७ मिलिसेकंदांचा होतो. आवाज फाटू लागला, तडतडू लागला, तर एक पायरी मागे यावे. पडदा आणि खेळ यांच्यामध्ये जादा फ्रेम साठवल्या जात असतील, तर त्या कमी कराव्यात. प्रत्येक बदलानंतर माप पुन्हा घ्यावे.

इशारा: हे माप ब्लूटूथ हेडफोनवर घेऊ नये. ब्लूटूथवर आवाजाचा विलंब सहज १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त असतो आणि हेडफोन बदलला की बदलतो. त्याचा विचार पुढच्या पायरीत येईल.

## ४. दोन दुरुस्त्या, दोन वेगळ्या ठिकाणी

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, कारण बहुतेक खेळांत ‘ऑफसेट’ नावाचा एकच आकडा ठेवलेला असतो. तो एका कामाला बरोबर बसवला की दुसरे काम बिघडते.

पहिली दुरुस्ती निवाड्याची. खेळणारा आवाज उशिरा ऐकतो, त्यावर दाबतो, आणि तो दाबही यंत्राला उशिरा कळतो. या दोन्ही उशिरांची बेरीज म्हणजेच दाबापासून आवाजापर्यंतचे माप. वरच्या उदाहरणात ते ८५ आहे. म्हणून दाब आला त्या क्षणीच्या गाण्याच्या वेळेतून ८५ वजा करून मगच तो खुणेशी ताडावा.

दुसरी दुरुस्ती चित्राची. खूण रेषेवर पोहोचलेली दिसते तो क्षण आणि थाप ऐकू येते तो क्षण एक व्हायला हवा. आवाज २५ मिलिसेकंद मागे आहे, म्हणून खुणा काढताना गाण्याची वेळ २५ ने मागे धरावी. येथे ८५ वापरल्यास चित्र ६० मिलिसेकंद मागे पडते, आणि मग खेळणारा कानाने खेळतो तेव्हा बरोबर आणि डोळ्यांनी खेळतो तेव्हा चूक, असा विचित्र प्रकार सुरू होतो.

या आकड्यांवरून यंत्राचे मूळ मूल्य ठरते. त्यावर खेळणाऱ्याला स्वतःची बारीक जुळणी करू द्यावी. कोऱ्या पडद्यावर नुसती टकटक वाजवून तिच्याबरोबर बटण दाबायला सांगावे, पहिले चार दाब सोडून द्यावेत आणि उरलेल्यांतला मधला फरक घ्यावा. माणसे टकटकीच्या किंचित आधी दाबतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसून आलेले आहे. संगीताचा सराव नसलेल्यांत हा फरक जास्त असतो. म्हणून या जुळणीचा निकाल अंतिम मानू नये आणि पाच-पाच मिलिसेकंदांनी हाताने मागेपुढे करण्याची सोय द्यावी.

स्पीकर, वायरचा इअरफोन आणि ब्लूटूथ यांची जुळणी वेगवेगळी साठवावी. ब्लूटूथ असताना दाबाबरोबर वाजणारा थापेचा आवाज बंदच ठेवणे चांगले. पाव सेकंदाने मागून येणारी थाप खेळणाऱ्याची लय मोडते. खरे तर माझे मत असे आहे की कोणत्याही कन्सोलवर ढोलाचा आवाज गाण्यातच राहू द्यावा आणि चूक झाली तरच तो क्षणभर बंद करावा. त्यामुळे विलंब असला तरी कानाला बोचत नाही.

तपासणी: डोळे मिटून एक मिनिट खेळावे, मग आवाज बंद करून एक मिनिट खेळावे. दोन्ही वेळच्या चुकांचा कल एकाच बाजूचा आणि सारखाच हवा. तो तसा नसेल, तर चित्राची दुरुस्ती पुन्हा पाहावी. येथून पुढे जाण्याची घाई करू नये.

## ५. बटणे आणि खुणांची नवी मांडणी

कीबोर्डवर डी, एफ, जे, के या चार कळा चार बोटांनी वाजतात. कन्सोलवर दोन अंगठे असतात, आणि वरच्या कडेच्या बटणांसाठी दोन तर्जन्या. म्हणून कीबोर्डची मांडणी जशीच्या तशी उचलता येत नाही. डावीकडच्या दिशेच्या अधिकचिन्हाच्या बटणावर डावे आणि उजवे एकाच वेळी दाबता येत नाही. ते एका बाजूला झुकले की दुसरी बाजू उचलली जाते. मूळ मांडणीत अशी जोडी असेल, तर ती खूण कन्सोलवर कोणालाच जमणार नाही.

तबल्याची रीत येथे उपयोगी पडते. डग्गा डाव्या हाताला, तबला उजव्या हाताला. केरवा या आठ मात्रांच्या तालाचे बोल घ्या: धा गे न ति, न क धि न. ‘गे’ आणि ‘क’ डाव्या अंगठ्याला, ‘न’ आणि ‘ति’ उजव्या अंगठ्याला, आणि ‘धा’ व ‘धि’ दोन्ही अंगठ्यांनी एकदम. तबला ज्याने ऐकला आहे त्याला ही विभागणी समजावून सांगावी लागत नाही.

आता उजव्या अंगठ्याच्या वाट्याला काय आले ते पाहावे. तिसरी, चौथी, पाचवी मात्रा (न ति न) सलग त्याच्याकडे आहे, आणि सातवी, आठवी व पुढची सम हीसुद्धा सलग. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दोन मात्रांत ५०० मिलिसेकंद असतात, तेव्हा अडचण नाही. दुगणीत २५० होतात, तेही जमते. चौगुणीत १२५ होतात, म्हणजे एका अंगठ्याने सेकंदाला आठ ठोके, तेही बटण बदलत. बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची ही गोष्ट आहे. अशा ठिकाणी चौथ्या मात्रेचा ‘ति’ उजव्या तर्जनीच्या वरच्या बटणाला द्यावा, किंवा सोप्या पातळीत तो गाळावा. सम मात्र कधीही गाळू नये. समेवर दाब नसलेला ताल हाताला लागत नाही.

इशारा: स्वस्त कन्सोलचे अधिकचिन्ह खाली दाबताना पुष्कळदा बाजूची दिशाही नोंदवते. एका दाबात दोन दिशा आल्या आणि त्यांपैकी एकच अपेक्षित असली, तर दुसरीसाठी गुण कापू नयेत.

## ६. पडदा

आता कुठे चित्रांकडे वळावे. सर्वांत मोठी चूक म्हणजे खुणेचा वेग पिक्सेलमध्ये बांधून ठेवणे. लॅपटॉपवर १,०८० पिक्सेल उंचीचा पट्टा खूण १.२ सेकंदात पार करते, म्हणजे वेग सेकंदाला ९०० पिक्सेल. तोच वेग ४८० पिक्सेलच्या पडद्यावर ठेवला, तर खूण दिसल्यापासून रेषेवर येईपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद मिळतो आणि खेळ एकाएकी दुप्पट अवघड होतो. खूण किती वेळ आधी दिसावी हे ठरवावे आणि वेग त्यावरून काढावा. १.२ सेकंदच ठेवायचे, तर वेग सेकंदाला ४०० पिक्सेल.

मग दुसरा हिशेब. चौगुणीतल्या दोन खुणांमधले १२५ मिलिसेकंद आता ५० पिक्सेलमध्ये बसतात. खुणेची उंची ४८ ठेवली, तर रांग सलग पट्ट्यासारखी दिसते. ३२ च्या आसपास ठेवल्यास मोजता येते. ढोल गोल, ताशा त्रिकोणी, टाळ चौकोनी असा आकारांचाही फरक ठेवावा. उन्हात, बसच्या खिडकीशी बसून खेळताना रंग फिके पडतात आणि आकारच कामाला येतो.

मागची हलती चित्रे, उडणारा गुलाल, फटाके हे सर्व रेषेपासून दूर ठेवावे. कमी शक्तीच्या यंत्रावर त्यामुळे फ्रेम गळतात, आणि नजरही विचलित होते.

## ७. मराठी आणि कन्नड मजकूर

आपल्या भागात खेळ दोन्ही भाषांत असणे ही सोय नव्हे, गरज आहे. शेजारी बसून खेळणाऱ्या दोघांपैकी एकाला कन्नड सूचना हव्या असतात आणि दुसऱ्याला मराठी.

जोडाक्षरे नीट जुळवण्याची क्षमता गोडोमध्ये चौथ्या आवृत्तीपासून आली. तिसऱ्या आवृत्तीत बनवलेल्या खेळात पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि रफार वेगळा पडतो. साध्या चित्रफॉन्टवर चालणाऱ्या यंत्रांवरही हेच होते. तेथे सगळी वाक्ये संगणकावर चित्रे म्हणून तयार करून न्यावीत. खुल्या परवान्याचे बलू २ देवनागरीसाठी आणि बलू तम्मा २ कन्नडसाठी घेतल्यास दोन्ही लिप्या एकाच घरातल्या दिसतात. कन्नडची ओत्तक्षरे (अक्षराखाली लिहिली जाणारी जोडव्यंजने) ओळीच्या बरीच खाली उतरतात, म्हणून ओळींमधले अंतर कन्नड मजकुरावरून ठरवावे, मराठीवरून नव्हे.

तपासणी: ‘शर्यत’, ‘क्षणिक’, ‘दुसऱ्या’, ‘टिपरू’ हे शब्द प्रत्यक्ष यंत्रावर वाचून पाहावेत. कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्या माणसाकडूनच तपासून घ्यावा.

## ८. मेमरी, झोप आणि स्पीकर

तीन मिनिटांचे गाणे वेव्ह स्वरूपात सुमारे ३२ मेगाबाइट होते, तर १२८ केबीपीएसच्या ऑगमध्ये तीन मेगाबाइटच्या आत बसते. गाणे सुरू होण्याआधी सर्व काही मेमरीत आणून ठेवावे. गाणे चालू असताना कार्डावरून चित्रे वाचू नयेत आणि प्रत्येक खुणेसाठी नवी वस्तू तयार करू नये. ठरावीक खुणा आधीच तयार करून त्याच फिरवत राहाव्यात.

कन्सोल झोपवून पुन्हा जागे केल्यावर गाणे आणि खुणा हमखास सुटतात. झोपेआधी खेळ थांबवावा आणि जागे झाल्यावर एक आवर्तन मागे जाऊन, चार मात्रा मोजून, मग पुढे चालू करावे. इअरफोन मध्येच काढला तरी हेच करावे.

लहान स्पीकरवर ढोलाचा घुमारा ऐकूच येत नाही, कारण तेवढे खालचे स्वर त्या स्पीकरमधून बाहेर पडत नाहीत. उरते ती फक्त टिपरूची (ढोल वाजवायच्या काठीची) कडक बाजू. स्पीकरसाठी गाण्याचे वेगळे मिश्रण करून टिपरूचा आघात थोडा पुढे आणावा, नाहीतर खेळणाऱ्याला धरायला ठेकाच उरत नाही.

## ९. चाचणी आणि दोषाचा माग

चाचणी आपल्या खोलीत करू नये. बॅटरी अर्धी उतरलेली असताना, वीज बचतीची सोय चालू ठेवून, निपाणीच्या बसमध्ये, बाजाराच्या गोंगाटात खेळ द्यावा. खेळणाऱ्यांत टाळ वाजवणारा एखादा भजनी असावा आणि ज्याने कधी ठेका धरलेला नाही असाही एक असावा.

नुसते गुण नोंदवू नयेत. प्रत्येक दाब किती मिलिसेकंद आधी किंवा नंतर पडला, कोणत्या बटणावर आणि गाण्याच्या कितव्या सेकंदाला, हे फाइलमध्ये लिहून ठेवावे. दोष कुठे आहे ते ही नोंद स्वतःच सांगते.

सगळे दाब एकाच बाजूला सारख्या अंतराने सरकलेले असतील, तर चौथ्या पायरीतला आकडा चुकला आहे. अंतर गाण्याबरोबर वाढत जात असेल, तर पहिल्या पायरीतली लय किंवा दुसऱ्या पायरीतले घड्याळ पाहावे. दाब दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील आणि चांगला वादकही त्यात सापडत असेल, तर खुणा उड्या मारत आहेत किंवा फ्रेम गळत आहेत. एकाच बटणावरचे दाब उशिरा येत असतील, तर मांडणीत त्या अंगठ्यावर भार जास्त झाला आहे. पहिली काही सेकंदेच वाईट असतील आणि पुढे सगळे सुरळीत असेल, तर गाणे सुरू होताना कार्डावरून काहीतरी वाचले जात आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच खेळणाऱ्यांकडून पुन्हा नोंद घ्यावी. कन्सोलची प्रणाली अद्ययावत केल्यानंतर किंवा खेळ दुसऱ्या मॉडेलवर नेल्यानंतर आवाजाचा विलंब बदलू शकतो. तेव्हा जुने आकडे विश्वासाने पुढे न नेता तिसऱ्या पायरीचा कोरा पडदा पुन्हा उघडून वीस दाबांचे माप नव्याने घ्यावे. तो चाचणीचा पडदा अंतिम खेळातही सेटिंगमध्ये ठेवून द्यावा, म्हणजे दूर गावी खेळणाऱ्याची तक्रार आली तर त्याच्याकडून नेमके आकडे मागवता येतात.